वायरलेस माऊस का अडकतो, का उडतो आणि का झोपतो

बिघडला म्हणून ड्रॉवरमध्ये टाकून दिलेला वायरलेस माऊस बऱ्याचदा बिघडलेला नसतोच. त्याला खालचा पृष्ठभाग दिसत नसतो, किंवा तो जे सांगतो ते लॅपटॉपपर्यंत पोचत नसतं, किंवा त्याचा सेल उतरलेला असतो. धुळ्यात संगणकाचे वर्ग घेताना आणि ओळखीच्या दुकानांत, कचेऱ्यांत जाऊन यंत्रं बघताना हे सतत समोर येतं. माणूस माऊस हातात देतो, विचारतो, ‘भाऊ, याले काय व्हयनं?’ आणि तोवर नव्या माऊसचे पैसे त्याने मनातल्या मनात मोजलेलेही असतात. सेवा केंद्र चालवणाऱ्या ताईचे, अडतीवरच्या मुनीमजींचे, कॉलेजात जाणाऱ्या पोराचे चारशे-पाचशे रुपये उगाच जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी माऊसच्या पोटात काय चालतं ते एकदा नीट समजून घेऊ.

माऊसची कामं तशी तीनच. आपण त्याला किती आणि कुठल्या दिशेला सरकवलं ते ओळखायचं, ते रेडिओलहरींवरून लॅपटॉपला कळवायचं, आणि हे सगळं एखाद्या छोट्या सेलवर महिनोन्‌महिने करत राहायचं. तक्रार कुठलीही असो, ती बहुधा या तिन्हींपैकी एकात असते. बटणाची झीज तेवढी वेगळी, तिच्याकडे नंतर येऊ.

टेबलाचे फोटो

पहिला माऊस लाकडी होता. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी तो कल्पिला आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ साली घडवला. त्याच्या पोटाखाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं होती. एक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. पुढे चाकांच्या जागी रबरी गोळी आली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सायबर कॅफेत बसून संगणक शिकलेल्यांना ती गोळी काढून आतल्या दांड्यांवरचा मळ नखाने खरवडल्याचं आठवत असेल.

आजच्या माऊसच्या खाली ना चाक, ना गोळी. तिथे एक छोटा दिवा आहे आणि एक छोटा कॅमेरा. दिव्याचा उजेड टेबलावर तिरका पडतो. तिरक्या उजेडात अगदी गुळगुळीत वाटणाऱ्या कागदाचे तंतू, लाकडाच्या रेषा, कापडाची वीण यांच्या बारीक सावल्या पडतात, आणि कॅमेरा त्या सावल्यांचे फोटो काढत राहतो. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने आणलेला इंटेलिमाऊस एक्सप्लोरर सेकंदाला १५०० फोटो काढायचा; आताचे सेन्सर सेकंदाला कित्येक हजार काढतात. हे फोटो आपल्या मोबाइलच्या फोटोंसारखे मोठे नसतात. साध्या माऊसमध्ये वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या एका प्रकारच्या सेन्सरचा फोटो १८ गुणिले १८, म्हणजे अवघ्या ३२४ ठिपक्यांचा असतो. माऊसमधली चिप मागचा फोटो आणि आत्ताचा फोटो एकमेकांवर ठेवून बघते. मघाशी डाव्या कोपऱ्यात असलेली सावली आता दोन ठिपके उजवीकडे दिसते आहे, म्हणजे माऊस दोन ठिपके डावीकडे सरकला. बस, एवढंच ती ओळखते. टेबलावर काय आहे हे तिला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. दोन फोटोंत जुळणारी काहीतरी खूण सापडली की झालं.

खूणच सापडली नाही तर?

आपल्याकडच्या बऱ्याच सेवा केंद्रांत, पतपेढ्यांत आणि दुकानांच्या गल्ल्यावर टेबलावर जाड काच असते. काचेखाली सप्तशृंगी मातेचा फोटो, कॅलेंडरचं पान, दोन-चार व्हिजिटिंग कार्डं, कुठल्या दाखल्याला किती फी लागते त्याचा कागद. या काचेवर माऊस ठेवला की पडद्यावरचा बाण एक तर जागचा हलत नाही, नाहीतर भलतीकडेच उडी मारतो. काच स्वच्छ असते हेच कारण. तिच्यावर सावली पडेल असा खडबडीतपणा नाही. उजेड काचेतून आरपार जातो किंवा आरशावरून परततो तसा ठरलेल्या कोनात परततो. खाली फोटो आहे, मग तो का दिसत नाही, असं कोणी विचारतं. प्रश्न चांगला आहे. माऊसचं भिंग त्याच्या पोटाला लागून असलेल्या पृष्ठभागासाठीच बसवलेलं असतं. काचेच्या जाडीएवढं खाली गेलेलं चित्र त्याला धूसर दिसतं, आणि धूसर चित्रात बारीक खुणा उरत नाहीत. पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर आणि चकचकीत सनमायकावर थोड्याफार फरकाने हेच घडतं.

उपाय इतका साधा आहे की लोकांचा विश्वास बसत नाही. वर्तमानपत्राचा कागद, वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर, जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू, यांतलं काहीही माऊसखाली ठेवा. माऊस लगेच नीट चालू लागला तर तो शंभर टक्के चांगला आहे; टेबल बदला किंवा पॅड घ्या. काचेवरही चालणारे माऊस मिळतात. लॉजिटेकने २००९ साली डार्कफील्ड नावाचं तंत्र त्यासाठीच आणलं. काचेवरचे डोळ्याला न दिसणारे धुळीचे कण आणि ओरखडे ते टिपतं. पण ते महाग असतात, आणि पुठ्ठा फुकट मिळतो.

खान्देशात याच कामात एक खास अडथळा येतो, तो कापसाचा. दिवाळीपासून जिनिंगमध्ये गाड्या यायला लागल्या की तिथल्या ऑफिसातल्या प्रत्येक वस्तूवर रुईचे तंतू बसतात. माऊसच्या खालच्या खिडकीत एखादा तंतू अडकला की चिप फसते. टेबल मागे सरकतंय, पण तंतू माऊसबरोबरच हिंडतोय, त्यामुळे तो प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसतो. चिपच्या हिशेबाने अर्धं चित्र हललं आणि अर्धं हललंच नाही. मग बाण थरथरतो, मधूनच थांबतो, किंवा हात सरळ नेला तरी तिरका जातो. नंदुरबारला मिरचीच्या व्यापाऱ्यांकडे हाच प्रकार मिरचीच्या बारीक पुडीने होतो. माऊस उलटा करून खिडकीवर जोरात फुंकर घालायची आणि मुलांच्या रंगपेटीतल्या कोरड्या, मऊ ब्रशने हलकेच झाडायचं. कापसाचा बोळा मात्र वापरू नये, त्याचाच तंतू आत राहतो. सुई, टाचणी, ओला कपडा हेही नको. भिंगावर ओरखडा पडला तर तो निघत नाही.

दिव्याबद्दल एक गैरसमज जाता जाता दूर करतो. ‘खालचा लाल दिवा लागत नाही, म्हणजे माऊस गेला,’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण अनेक माऊसमध्ये अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाचा दिवा असतो. तो पेटलेला असतानाही आपल्या डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर बऱ्याचदा तिथे फिकट जांभळट ठिपका दिसतो.

हवेतली गर्दी

माऊसने हालचाल ओळखली. आता ती लॅपटॉपला सांगायची. वायर असती तर काही प्रश्नच नव्हता. वायरलेस माऊस हे काम २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवरून करतो, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपनं. या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर भरते. लॅपटॉपला लावलेल्या नखाएवढ्या डोंगलमध्ये या लहरी ऐकणारा रेडिओ असतो. ब्लूटूथ माऊसला डोंगल लागत नाही, कारण तो रेडिओ लॅपटॉपमध्ये आधीच बसवलेला असतो. लहरी मात्र त्याच पट्ट्यातल्या.

हा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच आहे, आणि भारतात २००५ सालच्या नियमांनुसार कमी शक्तीच्या उपकरणांना तो परवान्याशिवाय वापरता येतो. म्हणूनच माऊस विकत घेऊन कुठल्याही खात्याची परवानगी न काढता आपण तो वापरू शकतो. पण दार सगळ्यांना उघडं असलं की गर्दी होणारच. घरातलं वायफाय, शेजाऱ्याचं वायफाय, कानातले ब्लूटूथ इअरफोन, वायरलेस कीबोर्ड, सगळे त्याच पट्ट्यात बोलत असतात. मायक्रोवेव्ह ओव्हन तर बोलतही नाही. तो त्याच पट्ट्यात नुसता गोंगाट करतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार भरात असताना दहा हातांवरच्या माणसाला हाक मारून पाहा. आपला आवाज कमी झालेला नसतो, पण भोवतालच्या कल्लोळात तो ओळखू येत नाही. माऊस अडकतो तेव्हा बहुतेकदा हेच झालेलं असतं. हलवल्याची बातमी निघते, डोंगलला ती गोंगाटातून वेगळी काढता येत नाही. माऊस ती पुन्हा पाठवतो, आणि तेवढ्या वेळात पडद्यावरचा बाण थबकून मग एकदम पुढे उडी मारतो.

माऊस बनवणाऱ्यांनी यावर उपाय केलेले असतात. पट्ट्याचे बारीक बारीक भाग करून एका भागातून दुसऱ्या भागात सतत उड्या मारत बोलायचं, हा त्यांतला मुख्य उपाय. कमी वीज खाणारं ब्लूटूथ, जे आजच्या बहुतेक ब्लूटूथ माऊसमध्ये असतं, ते या पट्ट्याचे २ मेगाहर्ट्झ रुंदीचे ४० भाग करतं आणि ज्या भागात फार गर्दी आहे तो टाळतं. वायफायचं एक चॅनल मात्र २० मेगाहर्ट्झ जागा अडवून बसतं. घरात वायफाय असेल आणि राउटर दोन्ही पट्टे देत असेल, तर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडावा. माऊसच्या वाटेतला मोठा अडथळा तिथेच संपतो.

पण सगळ्यात जास्त वेळा ज्यावर बोट ठेवावं लागतं तो गोंगाट बाहेरून येतच नाही. तो लॅपटॉपच्याच कुशीत असतो.

लॅपटॉपला दोन प्रकारचे यूएसबी पोर्ट असतात. जुन्या पद्धतीचे, आणि नंतरचे वेगवान यूएसबी ३. त्यांच्या आतली पट्टी बऱ्याचदा निळी असते. यूएसबी ३ मधून माहिती सेकंदाला ५ अब्ज बिट या वेगाने धावते. इतक्या वेगाने चालू-बंद होणारी वीज तारेत असताना तारेबाहेरही थोडी रेडिओऊर्जा सांडते, आणि तिचा काही वाटा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पडतो. इंटेल कंपनीने २०१२ साली याची मोजमापं प्रसिद्ध केली. यूएसबी ३ची हार्ड डिस्क जोडली की त्या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलने, म्हणजे शंभरपट वाढतो, असं त्यात दिसलं. माऊसचं डोंगल त्याच्या शेजारच्याच पोर्टमध्ये असेल तर त्याने ऐकावं तरी काय?

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मंडळींना हा त्रास फार होतो. एका पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क, तिच्याच शेजारी माऊसचं डोंगल. फाइल कॉपी होत असेतोवर माऊस हात टेकतो, कॉपी संपली की शहाण्यासारखा चालतो. मग ‘लॅपटॉपवर लोड आला,’ असा निष्कर्ष निघतो आणि रॅम वाढवायचा खर्च सुरू होतो. खरं तर डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला, शक्यतो जुन्या प्रकारच्या पोर्टमध्ये लावलं तरी भागतं. दोन्ही बाजूंना जागा नसेल तर यूएसबीची हात-दीड हात लांबीची एक्स्टेन्शन वायर घ्यावी आणि डोंगल माऊसजवळ टेबलावर आणून ठेवावं. वायरलेस माऊसला वायर जोडायची हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण टॉवरचा पीसी टेबलाखाली असेल आणि डोंगल त्याच्या मागच्या बाजूला असेल तर याहून चांगला उपाय नाही. डोंगल आणि माऊस यांच्यामध्ये लोखंडी कपाट, लोखंडी टेबलाचा पत्रा किंवा आपलं स्वतःचं शरीर आलं तरी लहरी अडतात. शरीरात पाणी पुष्कळ, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. खोक्यावर दहा मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या जागेतलं.

डोंगलचा घ्यावा की ब्लूटूथचा, हे मला वरचेवर विचारलं जातं. एकच लॅपटॉप असेल आणि पोर्ट मोकळा असेल तर मी डोंगलचा सांगतो. तो लावल्या क्षणी चालतो, लॅपटॉप चालू होताना सुरुवातीच्या सेटिंगच्या पडद्यावरही चालतो, आणि ब्लूटूथच्या सॉफ्टवेअरच्या भानगडी त्याला शिवत नाहीत. ज्यांच्या लॅपटॉपला पोर्ट कमी आहेत किंवा जे माऊस टॅबलाही जोडतात त्यांनी ब्लूटूथचा घ्यावा. झोपेतून उठून पुन्हा जोडलं जायला त्याला एक-दोन सेकंद जास्त लागतात, तेवढं धरून चालायचं.

लाइट गेली की माऊस का मरगळतो

उन्हाळ्यात ही तक्रार हमखास येते. लाइट असताना माऊस उत्तम, लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की थोड्या थोड्या वेळाने झोपतो. लोकांना वाटतं माऊसचा आणि लाइटचा काय संबंध, त्यात तर स्वतःचा सेल आहे. संबंध लॅपटॉपच्या बाजूने आहे. बॅटरीवर आल्यावर विंडोज वीज वाचवायला लागतं, आणि थोडा वेळ हालचाल दिसली नाही की यूएसबी पोर्ट किंवा ब्लूटूथचा रेडिओ निजवून टाकतं. माऊस हलतो, पण ऐकणारा झोपलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ब्लूटूथच्या नावावर, किंवा डोंगलसाठी यूएसबी रूट हबच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथल्या पॉवर मॅनेजमेंट या भागात, वीज वाचवण्यासाठी संगणकाला हे उपकरण बंद करू देणारी एक ओळ असते. तिच्यापुढची खूण काढा. बॅटरी किंचित लवकर उतरेल, पण ऑनलाइन फॉर्म भरताना मध्येच थांबावं लागणार नाही.

माऊस स्वतःही झोपतो, आणि ते चांगलंच आहे. काही मिनिटं हात लागला नाही की तो दिवा आणि रेडिओ बंद करतो. जरा जास्त वेळ गेला तर आणखी गाढ झोपतो आणि मग नुसतं सरकवून उठत नाही, एक क्लिक करावं लागतं. ही झोप नसती तर एक सेल फार दिवस पुरला नसता.

सेलचं गणित थोडं समजून घेण्यासारखं आहे. नव्या माऊसबरोबर खोक्यात येणारा सेल बऱ्याचदा साधा झिंक-कार्बनचा असतो. तो लवकर उतरतो म्हणून माऊसला नाव ठेवू नये. अल्कलाइन सेल महाग पडतो, पण कितीतरी जास्त टिकतो. घड्याळात किंवा रिमोटमध्ये साधा सेल चालून जातो, कारण त्यांना वीज अगदी थेंबाथेंबाने लागते. माऊस प्रत्येक हालचालीला दिवा आणि रेडिओ दोन्ही चालवतो. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेलही चालतात. त्यांचा दाब १.५ व्होल्टऐवजी १.२ व्होल्ट असतो, त्यामुळे काही माऊस सेल भरलेला असूनही ‘बॅटरी कमी’ असं दाखवतात. त्या इशाऱ्याकडे खुशाल दुर्लक्ष करा, दाब बराच वेळ तेवढाच टिकून राहतो.

आणि आपला उन्हाळा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि बंद गाडीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत त्याहून बराच वर. अशा उष्णतेत सेल वापर नसतानाही लवकर उतरतो, आणि जुना असेल तर गळतो. अल्कलाइन सेल गळला की आतल्या पितळी पट्ट्यांवर पांढरी बुरशीसारखी खरपुडी जमते. ती गळलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून बनते, उघड्या बोटाने चोळू नये. कानकोरण्याच्या कांडीला थोडासा लिंबाचा रस लावून पट्टी पुसायची, मग किंचित ओल्या कपड्याने रस पुसून काढायचा, आणि पूर्ण वाळू द्यायचं. आम्लाने हा क्षार निवतो आणि पट्टी उघडी पडते. सेल गळल्यामुळे ‘मेलेले’ किती तरी माऊस यानंतर उठून बसलेले मी पाहिलेत. शाळेला सुट्टी लागली, कॉलेज बंद झालं, की सेल काढूनच माऊस ठेवावा. ज्यांत आतच लिथियमची चार्ज होणारी बॅटरी असते ते माऊस तर उन्हात अजिबात टाकू नयेत. उष्णतेने त्या बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि ती फुगूही शकते.

क्लिक एक, फाइल दोनदा उघडते

इथे मात्र माऊस खरोखर झिजलेला असतो. बटणाखाली एक सूक्ष्म स्विच असतो, त्यात स्प्रिंगसारखी पातळ धातूची पट्टी. दाबलं की ती खालच्या टोकाला भिडते. कुठलीही धातूची पट्टी भिडताना क्षणभर उसळतेच. ती उसळी संपेपर्यंत थांबायचं आणि सगळं मिळून एकच क्लिक धरायचं, असं माऊसमधल्या चिपला शिकवलेलं असतं. लाखो क्लिकनंतर पट्टीचा ताण कमी होतो, टोकांवर गंज आणि मळ चढतो, उसळी लांबते, आणि चिपचा हिशेब चुकतो. मग एका क्लिकला दोन क्लिक पडतात, फाइल ओढत नेताना मध्येच सुटते, ‘सबमिट’ दोनदा दाबलं जातं. फी भरण्याच्या पानावर हे परवडणारं नाही.

खात्री करायला विंडोजच्या सेटिंगमध्ये मुख्य बटण डाव्याऐवजी उजवं करून पाहा. उजव्या बटणाने सगळं नीट चाललं तर डावा स्विच झिजला आहे हे पक्कं. स्विच सुटा मिळतो, अगदी स्वस्त असतो, आणि मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर सोल्डर करून तो बदलून देऊ शकतो. चांगल्या माऊससाठी हा खर्च करण्यासारखा आहे. स्क्रोलचं चाक मागे-पुढे उड्या मारत असेल तर तिथे बहुधा धूळ असते, आधी फुंकून पाहावं.

वेगाचा प्रश्न वेगळा आहे. खोक्यावर १०००, १६००, ३२०० असे डीपीआयचे आकडे असतात आणि मोठा आकडा म्हणजे चांगला माऊस, असं दुकानातही सांगतात. तसं नाही. १००० डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो १००० पावलं मोजतो. बऱ्याच साध्या लॅपटॉपचा पडदा १३६६ ठिपके रुंद असतो, म्हणजे साधारण साडेतीन सेंटिमीटर हात हलवला की बाण या टोकाचा त्या टोकाला. १६०० डीपीआयवर तेच काम सव्वादोन सेंटिमीटरमध्ये होतं. साठी ओलांडलेले काका-मावशी पहिल्यांदा माऊस धरतात तेव्हा बाण हातातून निसटतो म्हणून घाबरतात. त्यांच्यासाठी डीपीआयचं बटण दाबून आकडा कमी करावा, आणि विंडोजमधली ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही सोय बंद करावी. त्या सोयीमुळे हात जोरात हलला की बाण आणखी लांब जातो, आणि नवख्या हाताला नेमका अंदाज येत नाही. एकसारखा वेग मिळाला की भीती भराभर जाते, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

टाइप करता करता बाण भलत्या ओळीत जातो, ही तक्रारही माऊसच्या नावावर खपते. तो माऊस नसतोच. तळहात टचपॅडला घासतो. माऊस जोडलेला असतानाही टचपॅड चालू ठेवणारी खूण विंडोज ११ मध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेसखालच्या टचपॅड या भागात आहे, ती काढा.

सुरक्षेबद्दल फार घाबरवत नाही, पण माहीत असावं. २०१६ साली बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की अनेक कंपन्यांची डोंगलं गुप्तलिपीत नसलेले संदेशही निमूट स्वीकारतात. त्यामुळे शंभर मीटरपर्यंतच्या अंतरावरून दुसरा कोणी डोंगलला ‘मी कीबोर्ड आहे’ असं भासवून लॅपटॉपवर अक्षरं टाइप करू शकतो. काही कंपन्यांनी त्यावर सुधारणा दिल्या. बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कामाच्या लॅपटॉपला फार जुनं, बेनाव डोंगल लावू नये, आणि टेबलावरून उठताना पडदा लॉक करावा.

राहता राहिलं डोंगल हरवणं. स्वस्त माऊस आणि त्याचं डोंगल यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. डोंगल गेलं की त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं दुसरं डोंगलही सहसा त्या माऊसला ओळखत नाही. काही डोंगलं याला अपवाद आहेत. लॉजिटेकच्या युनिफाइंग प्रकारच्या डोंगलवर नारिंगी रंगाची फुलासारखी खूण असते, ते सुटं मिळतं, नव्याने जोडता येतं आणि एकावर सहा उपकरणं चालतात. विकत घेताना दुकानातच माऊसचं सेलचं झाकण उघडून आत डोंगल ठेवायची खोबण आहे का ते पाहावं. एसटीने रोज चाळीसगाव-धुळे करणाऱ्या मुलांनी तर डोंगल लॅपटॉपला लावून बॅगेत कोंबूच नये. दाब बसला की मोडतं ते डोंगल एकटं नसतं, आतला पोर्टही वाकतो, आणि त्याची दुरुस्ती माऊसच्या किमतीत होत नाही.